आफ्रिकेच्या रानांत सहकुटुंब

परदेशप्रवासाविषयीं आमच्याकडे जीं पत्रें येतात, त्यांत अलीकडे आफ्रिकेचें नांव वरचेवर दिसूं लागलें आहे. काशी-रामेश्वर झालें, सिंगापूर पाहून झालें, एखादा मुलगा अमेरिकेंत असल्यामुळें तिकडची वारीही घडली. आतां घरांतील सर्वांनीं मिळून सिंह, हत्ती व जिराफ त्यांच्या स्वतःच्या मुलखांत पाहावे, अशी इच्छा पुष्कळ कुटुंबांत उत्पन्न झालेली दिसते. ही इच्छा आम्हांस सर्वस्वीं स्तुत्य वाटते. पत्रांतील प्रश्न मात्र बहुधा एकाच सांच्यांतून निघालेले असतात. कोणत्या अभयारण्यांत जनावरें हमखास दिसतात, आणि दरमाणशीं खर्च किती येतो? आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न मागाहून विचारण्याचे आहेत. आधीं विचारावयाचें तें असें कीं, घरांतील सर्वांना एकदम सुटी कोणत्या महिन्यांत मिळते, आणि जाणाऱ्या मंडळींत प्रकृतीनें सर्वांत नाजूक माणूस कोण आहे? एवढें निश्चित झालें म्हणजे आफ्रिकेच्या कोणत्या भागांत जावयाचें याचा निर्णय पुष्कळसा आपोआप होतो. आमच्या पाहण्यांत बहुतेक कुटुंबें याच्या नेमकें उलट करतात. चित्रपट पाहून मुलूख ठरवितात, मग सुटीची ओढाताण करतात, आणि आजोबांच्या प्रकृतीचा विचार इसारा देऊन झाल्यावर सुचतो.

सफारी हा शब्द स्वाहिली भाषेंतील असून त्याचा अर्थ नुसता प्रवास एवढाच आहे. अरबी ‘सफर’ हें त्याचें मूळ, म्हणजे आपल्या सफरीचा तो सख्खा भाऊच. गोऱ्या शिकाऱ्यांनीं त्याला बंदुकीचा वास लावला. ‘बिग फाइव्ह’ म्हणून सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व आफ्रिकी रानम्हैस या पांच जनावरांची जी यादी आजही प्रत्येक जाहिरातींत झळकते, तीही शिकाऱ्यांचीच. ज्यांची पायीं शिकार करणें अधिक धोक्याचें, तीं हीं पांच. केनियानें १९७७ सालीं शिकारीवर बंदी घातली, तरी यादी शिल्लक राहिली, आणि आमचीं मंडळी ती हातांत घेऊन खुणा करीत बसतात. समोर जिराफांचा कळप चरत असतां “बिबट्या अजून राहिला” म्हणून गाडी हांकण्याचा धोशा लावणें हें देवळांत जाऊन चपलांकडे लक्ष ठेवण्यासारखें आहे.

आतां महिन्याविषयीं. पूर्व आफ्रिकेंत, म्हणजे केनिया व टांझानिया या देशांत, पाऊस वर्षांतून दोनदां येतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, आणि नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत लहान पाऊस. आपल्याकडील शाळांची मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत पडते. तेव्हां घरांतील मुलें मोकळीं असतात, त्या वेळीं मसाई मारांतील वाटा चिखलानें भरलेल्या असतात, गाड्या रुततात, आणि कित्येक तंबूंचे मुक्काम चक्क बंद ठेवलेले असतात. याउलट जुलै ते ऑक्टोबर हे जे तिकडील नामांकित महिने, त्यांत विल्डबीस्ट नांवाचे दाढीवाले प्राणी लाखोंच्या संख्येनें सेरेंगेटींतून उत्तरेस येऊन मारा नदी ओलांडतात. परंतु तेव्हां आमच्या मुलांच्या चाचणी परीक्षा, गणपती, नवरात्र हें सर्व एकामागून एक चाललेलें असतें. दिवाळीची सुटी लहान पावसाच्या तोंडावर येते. तो पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळून मोकळा होतो, त्यामुळें तो अगदींच त्याज्य नव्हे, पण नदी ओलांडण्याचा सोहळा तोंवर संपत आलेला असतो.

या कोंडींतून एक वाट आहे, व ती आमच्या वाचकांच्या नजरेस कोणी आणून देत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगतों. महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यांत केनियांतील मोठा पाऊस ओसरलेला असतो. गवत उंच व हिरवें, आकाश धुतलेलें, गाड्यांची गर्दी थोडी. विल्डबीस्टांचे मोठे कळप तेव्हां अजून टांझानियांत असतात हें खरें. पण मारांतील सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, पाणघोडे व तरस यांचा तो बारमाही मुक्काम आहे, ते कोठें जात नाहींत. उंच गवतांत सिंह शोधावा लागतो, एवढाच तोटा. शिवाय प्रवेशशुल्काचा हिशेब पाहा. २०२४ पासून जे दर लागू झाले त्यांप्रमाणें मसाई मारा अभयारण्यांत परदेशी प्रौढ माणसास जानेवारी ते जून या काळांत दर दिवसास १०० डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर या काळांत २०० डॉलर पडतात. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना ५० डॉलर, व त्याहून लहानांना कांहीं नाहीं. सहा मोठीं माणसें, एक बारा वर्षांचा मुलगा व एक सात वर्षांची मुलगी असें आठ जणांचें कुटुंब तीन दिवस रानांत राहिलें, तर जूनमध्यें प्रवेशाचे १,९५० डॉलर होतात आणि जुलैमध्यें ३,७५०. रान तेंच, सिंह तेच. तारखा काय त्या बदलल्या. दर मधून मधून बदलतात, यासाठीं इसारा देण्यापूर्वीं त्या वर्षाचा आंकडा लेखी मागून घ्यावा.

नदी ओलांडण्याचें दृश्य पाहावयाचेंच, असा ज्यांचा निर्धार असेल त्यांना आम्ही नको म्हणत नाहीं. पण तें दृश्य वेळापत्रकानें होत नाहीं. कळप कांठाशीं येतो, तासन्‌तास घुटमळतो, आणि कधीं कधीं तसाच मागें फिरतो. मधल्या वेळांत कांठावर गाड्यांची रांग लागते व उन्हांत मुलें कंटाळून भांडूं लागतात. ज्या कुटुंबाजवळ चारच दिवस आहेत त्यानें या एका दृश्यावर सर्व पैसा लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणि ज्यांना मे महिन्याखेरीज सुटीच नाहीं त्यांनीं काय करावें? त्यांनीं नकाशांत आणखी खालीं पाहावें. दक्षिण आफ्रिका विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळें तेथील ऋतु उलटे आहेत. आपला मे म्हणजे तेथील कोरड्या हिंवाळ्याचा आरंभ. पाऊस थांबलेला, गवत सुकत आलेलें, आणि डबकीं आटूं लागल्यामुळें जनावरें उरल्यासुरल्या पाणवठ्यांकडे वळलेलीं. म्हणजे आमची शाळेची सुटी आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा चांगला हंगाम या दोन गोष्टी जणूं एकमेकांसाठींच ठरविल्या आहेत. क्रूगर १९२६ सालीं स्थापन झालें व त्याचा विस्तार सुमारें १९,५०० चौरस किलोमीटर आहे. मुख्य रस्ते डांबरी आहेत, वाहनें आपल्याप्रमाणेंच डावीकडून चालतात, आणि आपली गाडी आपण हांकण्यास मोकळीक आहे. स्कुकुझा, सातारा, लोअर साबी अशा सरकारी मुक्कामांत स्वैपाकाची सोय असलेल्या कुट्या मिळतात. (सातारा हें नांव वाचून आमच्या कऱ्हाड-वाईकडील वाचकांनीं उगाच हुरळून जाऊं नये, पण तो मुक्काम सिंहांसाठीं प्रसिद्ध आहे, एवढें समाधान त्यांनीं अवश्य मानावें.) मात्र या कुट्यांचें आरक्षण जवळजवळ वर्षभर आधीं करावें लागतें, आणि तेथील व्हिसास वेळ लागतो, हें विसरूं नये.

प्रकृतीचा प्रश्न आम्ही इतक्या आग्रहानें कां मांडतों, तें एका पत्रावरून ध्यानांत येईल. नाशिककडील एका भगिनीनें लिहिलें होतें कीं, घरांत नऊ माणसें, त्यांपैकीं आठ जणांचें केनियास जाण्याचें ठरलें आहे. सासूबाईंचें वय चौऱ्याहत्तर. हत्तींचा कळप डोळ्यांनीं पाहावा ही त्यांची फार दिवसांची हौस; पण मुलगे म्हणतात, आईला कशाला दगदग? आणि सासूबाईही म्हणतात, “मी घर सांभाळतें, तुम्ही सुखानें जाऊन या.” तरी त्यांस न्यावें कीं नाहीं? इसाऱ्याची रक्कम पाठविण्याचा दिवसही ठरलेला होता.

आपल्या घरांतून हें “मी घर सांभाळतें” वाक्य आम्ही इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचा शब्दशः अर्थ घेण्याचें आम्हीं कधींच सोडून दिलें आहे. जी बाई चाळीस वर्षें सर्वांच्या मागून जेवली, ती जाण्याच्या गोष्टींतही सर्वांच्या मागेंच उभी राहणार. तेव्हां त्यांना न्यावें, हें आमचें उत्तर तयारच होतें. पण त्याआधीं एक गोष्ट पाहणें आवश्यक होतें, ती पिवळ्या तापाच्या लसीची. केनिया हा पिवळ्या तापाच्या देशांपैकीं मानला जातो. तेथून भारतांत परतणाऱ्या प्रवाशापाशीं लस घेतल्याचा दाखला नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणांत ठेवतां येतें. ही लस सरकारनें नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, घेतल्यापासून दहा दिवसांनीं ग्राह्य होते, आणि २०१६ सालापासून एकदां घेतलेली लस आयुष्यभर चालते. पण ती जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालील अर्भकांस ती देत नाहींत. गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले व प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें घेणारे यांस ती बहुधा वर्ज्य. आणि साठीच्या पुढील माणसांनीं प्रथमच घ्यावयाची असेल, तर गंभीर त्रासाचा संभव अधिक असल्यामुळें डॉक्टरांनीं नीट तोलून मगच द्यावयाची असते. लस देतां येत नाहीं असा डॉक्टरांचा दाखला परत येतांना विमानतळावर चालेलच, असें कोणीं गृहीत धरूं नये. सूट मिळेल कीं नाहीं हें त्याच केंद्रांत जाऊन आधीं विचारावें.

आम्हीं त्या भगिनीस कळविलें कीं, रक्कम आठ दिवस थांबवा व सासूबाईंस आधीं केंद्रांत नेऊन दाखवा. सासूबाई संधिवातासाठीं जें औषध घेत होत्या तें नेमकें प्रतिकारशक्ति दाबणारें निघालें, आणि तेथील डॉक्टरांनीं लस देण्यास साफ नकार दिला. केनियाचा बेत तेथेंच सोडावा लागला. परंतु दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाच्या देशांत मोडत नाहीं. नैरोबी किंवा आदिस अबाबा येथें विमान न बदलतां आखाती मार्गानें गेल्यास या दाखल्याचा प्रश्न येत नाहीं. दिरांनीं बेत बदलला, कुटुंब पुढील वर्षीं मे महिन्यांत क्रूगरला गेलें, आणि गेलें तें आठ नव्हे, नऊही जण. तिकडून परतल्यावर आलेल्या पत्रांत असें होतें कीं, डांबरी सडकेवर हत्तींचा कळप आडवा आला, पिलें मध्यें घेऊन उभा राहिला, व गाडी बंद करून सर्व जण अर्धा तास गप्प बसले. मुलांना चुळबूळ करूं नका म्हणून दटावण्याचें काम सासूबाईंनींच केलें. ज्यांस मलेरियाचीही धास्ती आहे, त्यांच्यासाठीं त्याच देशांत पिलानेसबर्ग व माडिक्वे अशीं मलेरियारहित रानें आहेत. केनियाच्या व क्रूगरच्या रानांसाठीं मात्र मलेरियाप्रतिबंधक गोळ्यांविषयीं घरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून निघूं नये.

ज्यांची प्रकृति निर्वेध आहे व ज्यांना जूनचा आठवडा साधतो, त्यांनीं पहिल्या खेपेस केनियाच पत्करावा, असें आम्ही सुचवूं. मुंबईहून नैरोबी विमानानें सुमारें सहा तासांवर आहे. मात्र एका आठवड्यांत पांच उद्यानें दाखविण्याचें जे वचन देतात, त्यांच्यापासून दूर राहावें. नकाशावर बोटभर दिसणारें अंतर तेथील रस्त्यांवर दिवस खाऊन टाकतें, आणि रोज पहाटे पेट्या बांधण्यांत घरांतील स्त्रियांची सुटी कामांतच जाते. आमचा बेत असा आहे: नैरोबींत एक रात्र, नैवाशा सरोवराकांठीं दोन, आणि मसाई मारांत चार. नैवाशा नैरोबीपासून सुमारें नव्वद किलोमीटर. वाटेंत सडक महाखचदरीच्या कड्यावरून खालीं उतरते, तो देखावाच पाहण्यासारखा आहे. सरोवरांत होडींतून पाणघोडे दिसतात. क्रेसेंट आयलंड या जागीं हिंस्र पशु नसल्यामुळें जिराफांच्या व झेब्र्यांच्या मधून पायीं हिंडतां येतें. आजीआजोबा व लहान मुलें यांना एकाच वेळीं आवडेल अशी जागा आम्हांस याहून दुसरी ठाऊक नाहीं. तेथून मारा सुमारें पांच तासांवर. ज्यांच्या पाठीस तेवढा रस्ता सोसत नाहीं, त्यांना नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानानें पाऊण तासांत मारांत उतरतां येतें. पण त्या विमानांत माणशीं पंधरा किलो सामान व तेंही मऊ थैलींत, असा नियम असतो. आपल्या टणक पेट्या नैरोबींत ठेवाव्या लागतील.

मारा व सेरेंगेटी हें एकच सलग रान असून त्यांच्यामधून केवळ देशांची सीमा जाते. म्हणून “आलोंच आहों तर पलीकडेही जाऊं” असें पुष्कळांस वाटतें. पण ती रानांतील सीमा प्रवाशांना बंद आहे. मोठा वळसा घालून नाक्यावरून जावें लागतें, टांझानियाचा व्हिसा निराळा काढावा लागतो, आणि वाहनही पलीकडे गेल्यावर बदलावें लागतें. गोरोंगोरोचें विवर व सेरेंगेटी हीं दुसऱ्या सफरीसाठीं राखून ठेवावीं.

सफारींत आपण पैसे कशाचे देतों, हें नीट समजलें तर निवड सोपी होते. खोलीचे नव्हेत; वाहनाचे आणि वाटाड्याचे. ताडोबास जाऊन आलेल्या वाचकांना उघड्या जिप्सींतील सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या ठाऊक आहेत. तेथें दाट बांबूंत वाघाची एक झलक मिळाली तरी दिवस सार्थकीं लागतो. मारांत मैदान खुलें आहे, दृष्टि मैलोगणती जाते, आणि डबा बरोबर घेऊन सबंध दिवस रानांत राहतां येतें. म्हणून गाडी आपल्या एकट्या कुटुंबाची असणें फार महत्त्वाचें. अनोळखी लोकांबरोबर आसन घेतलें तर थोडे पैसे वांचतात, पण म्हाताऱ्यांना मध्येंच परतावेंसें वाटलें, मुलाला लघवी लागली, किंवा कोणास चित्त्यापाशीं आणखी घटकाभर थांबावेंसें वाटलें, तर आपली सत्ता चालत नाहीं. छत वर उचलतां येणारी लँड क्रूझर घ्यावी. तींत सहा-सात आसनें असतात, पण प्रत्येकास खिडकी पाहिजे हा नियम धरून माणसें मोजावीं. नऊ माणसांना दोन गाड्या लागतील. त्या वेळीं सर्व पुरुष एकींत व सर्व बायका-मुलें दुसरींत अशी आपली नेहमींची वांटणी न करतां रोज अदलाबदल करावी. सर्वांत वृद्ध माणसास हांकणाऱ्याच्या शेजारची पुढची जागा द्यावी; तेथें हिसके कमी बसतात.

वाटाड्याविषयीं लोक क्वचितच विचारतात, आणि सफरीचा अर्धा आनंद त्याच्यावर असतो. केनियांत वाटाड्यांची एक व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन पायऱ्यांचीं प्रमाणपत्रें देते. आपल्याबरोबर येणारा मनुष्य कोणत्या पायरीचा, हें आधीं विचारण्यांत मुळींच संकोच नको. कंपनी केनिया सरकारच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना बाळगते कीं नाहीं, व ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स या संस्थेच्या सभासदांच्या यादींत आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. इसारा कंपनीच्या नांवें असलेल्या खात्यांतच भरावा. “माझ्या खात्यांत पाठवा, पावती मागाहून देतों” असें म्हणणाऱ्याशीं व्यवहार तेथेंच थांबवावा. आपल्याकडील कंपनीमार्फत गेल्यास सहलीच्या रकमेवर सरकारी कर वसूल केला जातो, तो आयकराच्या विवरणपत्रांत वळता करून घेतां येतो. त्याची पावती जपून ठेवावी.

करारपत्र घरांतील एकट्या कर्त्या पुरुषानें वाचून पुरत नाहीं. प्रवेशशुल्क रकमेंत धरलें आहे काय? तें वाढलें तर वाढ कोणीं सोसावयाची? गाडी दिवसाच्या भाड्याची कीं किलोमीटरची? बेत मोडल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत? हे प्रश्न पुरुष विचारतील. पण तंबू भोजनगृहापासून किती दूर आहे, रात्रीं सोबतीस पहारेकरी येतो काय (कुंपण नसलेल्या मुक्कामांत तो लागतोच), गरम पाणी कोणत्या वेळीं मिळतें, वीज रात्रभर असते कीं यंत्र बंद होतें, इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय कशी, सासऱ्यांच्या तंबूशेजारचाच तंबू मिळेल काय, हे प्रश्न घरांतील सुनांनाच सुचतात, आणि तेच प्रश्न रानांत गेल्यावर खरे ठरतात. माराच्या लगतच्या, मसाई लोकांकडून जमिनी खंडानें घेऊन राखलेल्या खाजगी रानांत गर्दी कमी असते व रात्रींही गाडी काढतां येते. मात्र तेथील कित्येक मुक्काम अगदीं लहान मुलांना घेत नाहींत. वय लिहून विचारावें.

वृद्ध माणसें बरोबर असतील तर प्रवासी विम्याशिवाय, विल्सन विमानतळावरून चालणाऱ्या आम्रेफ संस्थेच्या विमानी रुग्णसेवेची वर्गणीही भरावी. रानांतून आजारी माणसास नैरोबीच्या रुग्णालयांत आणण्याची ही सेवा १९५७ सालापासूनची आहे. केनियाचा व्हिसा १ जानेवारी २०२४ पासून बंद होऊन त्याजागीं इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना आला. तो तान्ह्या मुलासही लागतो, आणि त्याच्या सरकारी संकेतस्थळाची नक्कल करून जादा पैसे उकळणारीं पुष्कळ स्थळें आहेत, तेव्हां जपावें. एकत्र कुटुंबांत पुतण्या किंवा भाची काका-मामांबरोबर जाण्याची चाल आहे. अशा मुलाचा जन्मदाखला व आईबापांचें सहीशिक्क्याचें संमतिपत्र बरोबर असलें पाहिजे.

जेवणाची काळजी आमच्या वाचकांस फार वाटते, आणि कांहीं सहलींतून तर स्वैपाकीही बरोबर नेतात! त्याची गरज नाहीं. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेला, तो हिंदुस्थानांतून नेलेल्या सुमारें ३२,००० मजुरांच्या श्रमांवर. त्यांपैकीं सुमारें २,५०० जण तेथेंच मरण पावले. त्यांच्यामागून व त्यांच्याही आधीं गुजराती व्यापारी गेले. १९२० पर्यंत त्या मुलखांत रुपया हेंच नाणें होतें, आणि हिंदी वंशाच्या केनियावासीयांस तेथील सरकारनें २०१७ सालीं देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. सारांश, शाकाहार म्हणजे काय हें केनियांतील आचाऱ्यास समजावून द्यावें लागत नाहीं. अंडें चालत नाहीं, किंवा कांदा-लसूण नको, एवढें मात्र आरक्षणाच्या वेळींच लेखी कळवावें. चपाती आणि चाय हे शब्द तेथें घरोघर आहेत. पैशाला ‘पेसा’, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ व विम्याला ‘बीमा’ म्हणतात, हें मुलांना आधीं सांगून ठेवावें. तीं आठ दिवस त्यांतच रमतील.

चिवडा-लाडू न्यावेत, पण प्लॅस्टिकच्या पिशवींत नेऊं नयेत. केनियांत २०१७ सालापासून त्या पिशव्यांस बंदी असून दंड जबर आहे, आणि २०२० पासून राखीव रानांत एकदां वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही वर्ज्य आहेत. पितळी-पोलादी डबे, कापडी पिशव्या व फिरकीचे तांबे हे आपले जुने सोबती येथें पुन्हां कामास येतात. विषुववृत्ताचें नांव ऐकून केवळ सुती कपडे भरूं नयेत. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० मीटर उंच आहे व मारांतील पहांटेही उघड्या गाडींत कानटोपी मागते. गडद निळे व काळे कपडे मात्र घरीं ठेवावे, कारण त्से-त्से माशी त्यांजकडे धांवते.

राहतां राहिली दुर्बीण. घरांत एकच दुर्बीण असली कीं ती थोरल्यांच्या गळ्यांतून खालीं उतरत नाहीं, व सिंहीण पिलांना चाटीत असतां धाकटे रडकुंडीस येतात. दर दोन माणसांमागें एक तरी पाहिजे, ८×४२ या मापाची. ती जाण्यापूर्वीं महिनाभर आधीं घ्यावी, आणि रोज संध्याकाळीं गच्चीवर बसून घारी, बगळे, समोरच्या पिंपळावरचे पोपट पाहात मुलांनीं व आजीनें हातास संवय लावावी.